पळसखेडला कोणीच आजारी नाही

नरहर वानखडे रिठदला मोटारीतून उतरला, तेव्हा त्याच्याजवळ एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि कोऱ्या तक्त्यांचा एवढा मोठा गठ्ठा होता की गाडीवाल्याने त्याला निवडणुकीचा माणूस समजून लांबूनच हात जोडले. नरहरने त्याला समजावले की आपण मते मागायला आलो नाही, फक्त काही प्रश्न विचारायला आलो आहोत. त्यावर गाडीवाला जास्तच घाबरला. पळसखेडपर्यंतचा सगळा रस्ता तो बैलांशी बोलला, नरहरशी नाही.

हे १९५५ सालचे. नरहर नागपूरच्या एका ग्राम-आरोग्य पाहणी मंडळात कामाला होता आणि त्याला पळसखेडला पाठवले होते नारू मोजायला. नारू म्हणजे काय हे ज्याला झाला त्याला सांगावे लागत नाही, आणि ज्याला झाला नाही त्याने ते जेवताना ऐकू नये. पायऱ्यांच्या विहिरीत लोक पाय बुडवून घागर भरतात. एकाच्या पायातला किडा त्या पाण्यात पिल्ले सोडतो, दुसरा ते पाणी पितो, आणि वर्षभराने त्या दुसऱ्याच्या पोटरीला फोड येऊन त्यातून सुतळीसारखा पांढरा दोरा डोके काढतो. तो ओढायचा नसतो. तुटला की पाय सुजून माणूस आडवा. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढायचा आणि तोवर शेतीची कामे दुसऱ्याने करायची.

मंडळाची योजना सरळ होती. ज्या गावात नारू जास्त, तिथली पायविहीर बंद करायची आणि कठड्याची, रहाटाची नवी विहीर बांधून द्यायची. पण त्या साली त्या बाजूला विहीर एकच मंजूर होती. ती पळसखेडला जायची की किन्हीराजा गावाकडच्या एका खेड्याला, हे पाहणीवरून ठरणार होते. किन्हीराजाकडच्या पाहणीला गेलेला नरहरचा मित्र तर रोज नवे पाय मोजत होता. वाटेत पळसखेडची विहीर पाहिली तेव्हा नरहरला वाटले, आपले काम सोपे आहे. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत होत्या आणि पाण्यावर हिरवी साय होती.

आता नरहरबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. नरहरला क्षय झाला होता. दीड वर्ष तो दवाखान्यात होता. छातीच्या डाव्या बाजूला सुईने हवा भरून डॉक्टरांनी त्याचे एक फुप्फुस निजवून ठेवले होते, मग नवी इंजेक्शने आली आणि तो बरा होऊन घरी परतला. घरी आल्यावर आईने त्याला देवापुढे बसवून शपथ घातली की हे कोणाला सांगायचे नाही. पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. तीन ठिकाणी सोयरीक जमत आली आणि तिन्ही ठिकाणी कुठून तरी कळलेच. वाड्यातल्या बायका त्याला चहा देताना एक कान तुटलेला कप वेगळा काढायच्या, आणि तो कप कोणता हे त्याला पाठ झाले होते. मंडळात त्याने काही सांगितले नव्हते. तिथे कळले तर नोकरी जाईल, असे आई म्हणायची.

पळसखेडला मात्र पहिल्याच दिवशी त्याला पितळी पेल्यात चहा मिळाला. घोट घ्यायला जातो तर शेजारच्याने आणखी साखर टाकली. शाळेमागची खोली त्याच्यासाठी शेणाने सारवून ठेवली होती. जेवणाची सोय काय, असे त्याने विचारले, तर जानराव म्हणून गावात ज्यांचा शब्द चालतो ते गृहस्थ हसून म्हणाले की त्याची काळजी करू नका, सगळ्या घरचे आहे. आणि खरोखरच, रोज नव्या घरून बोलावणे येऊ लागले. कुठे शिरा, कुठे पुरणपोळी, कुठे वांग्याची भाजी अशी की तेल ताटाबाहेर येऊ पाहते. नरहरला मंडळाच्या शिकवणीवर्गात सांगितले होते की गावकरी पाहणीवाल्याकडे संशयाने पाहतात, आधी विश्वास संपादन करावा लागतो. आपण तो एका दिवसात संपादन केला, असे त्याने त्या रात्री आईला कळवले.

कामाला लागल्यावर तर त्याची छाती, होती तेवढी, आणखीच फुगली. लोक न कंटाळता उत्तरे देत. घरात माणसे किती? सांगत. शेती किती, त्यात ओलिताची किती, बैल किती? सांगत, आणि वर बैल बाहेर आणून दाखवत. घरात लग्नाच्या मुली किती, त्यांची वये काय? या प्रश्नाला तर उत्तर येण्याआधी ती मुलगीच नवे लुगडे नेसून पाण्याचा तांब्या घेऊन यायची. मग तो रोगांच्या रकान्याकडे वळे. घरात कोणाला क्षय, फिट, कोड, दमा? गेल्या तीन पिढ्यांत? नाही, नाही, कोणालाच नाही. म्हातारा पंच्याण्णव वर्षांचा होऊन गेला तो झोपेत गेला, दुखणे कसले ते त्याला माहीत नव्हते. आणि नारू? नारू हे नावच काही घरांत पहिल्यांदा ऐकल्यासारखे करत.

रामकिसन नावाच्या एका शेतकऱ्याच्या घरी तो स्वतः एक पाय पोत्यामागे घालून बसला होता. पायाला काय झाले, असे नरहरने विचारले, तर काटा रुतला म्हणाला. पुढच्या घरी एका म्हाताऱ्याचा पाय फडक्यात बांधलेला होता, त्याच्यावर बैलाने पाय दिला होता. तिसऱ्या घरी बाई लंगडत होती, ती काल मळ्यात घसरली होती. नरहरने सगळे प्रामाणिकपणे लिहून घेतले. एवढे काटे, एवढे बैल आणि एवढे घसरणे एका गावात कसे, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही. माणसाला पोटभर पुरणपोळी मिळाली की त्याची शंका घेण्याची ताकद कमी होते, हे कुठल्याही पाहणीत धरले जात नाही.

जानरावांचे घर त्याने शेवटी ठेवले होते. तिथे ओसरीवर सतरंजी अंथरली होती. जानराव आणि त्यांची बायको गोजराबाई दोघे जोडीने उत्तरे देत होते, आणि आतल्या दाराच्या चौकटीला टेकून त्यांची मुलगी कौतिका उभी होती. नरहरने क्रमाने सगळे विचारले. पाणी कुठून आणता, गाळता का, परसाकडे कुठे जाता. या शेवटच्या प्रश्नाला गोजराबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि जानरावांनी छताकडे पाहून नदीकडे असे सांगितले. मग रोगांचा रकाना आला. जानराव म्हणाले की आमच्या घरात देवाच्या कृपेने कोणाला काही नाही.

"मले हाय," कौतिका दारातून म्हणाली. "लिवा. नारू हाय. फिट येते. दमा हाय. रातचं दिसत नाई. खरूज हाय. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप येते. आन् पोटात गोळा हाय, तो फिरते."

जानरावांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. गोजराबाई उठून आत गेल्या आणि आतून भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला. नरहरला मात्र आनंद झाला. इतक्या दिवसांत एक माणूस तरी मोकळेपणाने बोलले होते. त्याने सातही रोग सुवाच्य अक्षरात लिहून घेतले आणि गोळा कोणत्या बाजूला फिरतो हेही विचारले. कौतिकाने त्याच्याकडे असे पाहिले की त्याला पेन्सिलीला टोक काढायची आठवण झाली.

तक्ते त्याने रिठदच्या टपालातून नागपूरला रवाना केले आणि शाबासकीची वाट पाहत बसला. वरिष्ठ डॉक्टर पेंढारकर यांचे उत्तर आठवड्याने आले. त्यांनी थोडक्यात लिहिले होते की पळसखेड हे गाव स्वर्गात आहे असे दिसते, फक्त तिथल्या एका मुलीला उरलेल्या सगळ्या गावाचे रोग दिलेले आहेत आणि तरीही ती रोज दोन घागरी पाणी आणते. ही पाहणी खरी धरली तर विहीर किन्हीराजाकडे जाईल. महिनाअखेरपर्यंत डोळे उघडे ठेवून पुन्हा पाहावे.

नरहरची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी तो चतुराबाईंकडे गेला. चतुराबाई ही गावातली विधवा, मुलगे लग्न होऊन वेगळे झालेले, घरात लग्नाची कोणी नाही, आणि म्हणूनच तिने आजवर त्याला एकदाही जेवायला बोलावले नव्हते. तिच्या ओसरीवर बसून त्याने विचारले की गावातले लोक माझ्याशी खोटे का बोलतात. चतुराबाई तूर निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवले आणि त्याच्याकडे पाहिले, लहान पोराकडे पाहावे तसे.

"तुमी काय इचारता ते तुमालेच नाई समजत का?" ती म्हणाली. "शेती किती, ओलीत किती, बैल किती, पोरी किती, तीन पिढ्यात फिट-कोड हाय का. लगनाच्या सराईत हे कोन इचारते? सोयरीक पाहनारा इचारते. आन् तुमी वानखडे, आमच्यातले, बिनलगनाचे, नागपूरले नोकरी. मंग गाव काय सांगन, आमच्या पायातून दोरा निंगते म्हनून?"

नरहर थक्क झाला. पण मी तर स्पष्ट सांगितले होते की मी पाहणीसाठी आलो आहे, असे तो म्हणाला. चतुराबाईने कपाळाला हात लावला. आमच्याकडे सोयरीक पाहायला येणारा कधी तसे सांगतो का, असे तिने त्याला विचारले. तो म्हणतो, बैल पाहायला आलो. तो म्हणतो, कडब्याचा भाव काय विचारायला आलो. गेल्या साली शिरपूरचे लोक आले ते म्हणे वाट चुकले होते, आणि रामकिसनच्या थोरलीला पसंत करून गेले. तुम्ही म्हणालात नारू पाहायला आलो. गाव म्हणाले, शिकलेला माणूस आहे, बहाणाही शिकलेला काढला.

तरी नरहरने एक प्रयत्न केला. संध्याकाळी मारुतीच्या पारावर लोक जमले तेव्हा तो उभा राहिला आणि म्हणाला की माझा लग्नाचा काही विचार नाही, मी इथे मुलगी पाहायला आलेलो नाही. लोकांनी आदराने ऐकले. जानरावांनी समाधानाने मान हलवली आणि शेजारच्याला हळूच सांगितले की मुलगा खानदानी आहे, कसे छान लपवतो. त्या रात्री तीन घरांतून शिरा आला.

आता खरे सांगायचे तर नरहरने त्याच रात्री उपाय ओळखला होता. गाव त्याच्यापुढे निरोगी होते ते तो नवरदेव होता म्हणून. त्याचे नवरदेवपण संपवायचे, तर एक वाक्य पुरे होते आणि ते वाक्य त्याच्याजवळ तयार होते. पण ते त्याच्या तोंडातून येईना. तीन वेळा नाकारलेल्या माणसाला इथे सगळे गाव पितळी पेल्यात चहा देत होते. मुली दाराआडून त्याच्याकडे पाहत होत्या. म्हाताऱ्या बायका त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटे मोडत होत्या. हे सगळे खोट्यावर उभे आहे हे त्याला कळत होते, पण त्याला ते हवे होते. फार हवे होते. रोज तो ठरवायचा, उद्या सांगू, आणि उद्या पुन्हा कोणाकडे तरी पाटावर बसायचा.

असे चार-पाच दिवस त्याने काढले. मग एका दुपारी तो रामकिसनकडे आदल्या दिवशीचा तांब्या परत द्यायला गेला. हाक न मारता गेला, आणि रामकिसन अंगणात पाय पसरून बसलेला त्याला दिसला. घोट्याच्या वर फोड फुटला होता आणि त्यातून निघालेला दोरा एका काडीला गुंडाळलेला होता. रामकिसन दात आवळून ती काडी फिरवत होता. नरहरला पाहताच त्याने पायावर गोणपाट ओढले. गडबडीत काडीला हिसका बसला आणि त्याच्या तोंडातून आवाज निघाला.

"हे नका लिवू," रामकिसन म्हणाला. "धाकटीचं जमायचं हाय अजून. नारूवाल्याच्या घरची म्हनतीन."

पाहणीसाठी हिंडताना नरहरने पुष्कळ तऱ्हेची उत्तरे ऐकली होती, पण हे उत्तर त्याने आपल्या आईच्या तोंडून ऐकलेले होते, जवळजवळ शब्दाला शब्द. त्याने तांब्या ओट्यावर ठेवला. या माणसाला विहीर हवी आहे, ती मिळू शकते, आणि आपण शिरा खात बसलो आहोत म्हणून ती दुसऱ्याच गावाला जाणार आहे. त्याला स्वतःची मनापासून शरम वाटली.

संध्याकाळी तो पुन्हा पारावर गेला. लोक नेहमीप्रमाणे सरकून बसले, जानरावांनी आपल्याजवळ जागा केली. नरहर बसला नाही. त्याने पिंपळाच्या बुंध्याला हात लावला.

"तुमच्यापैकी कोणीही मला मुलगी देणार नाही," तो म्हणाला. "मला क्षय झाला होता. दीड वर्ष दवाखान्यात होतो. या बाजूला छातीत हवा भरत होते. आता बरा आहे, पण तीन ठिकाणी लग्न मोडलं ते याच्यामुळे. माझी आई हे लपवते. मीही लपवत होतो. आता मी फक्त नारू लिहून घ्यायला आलोय हे तरी खरं माना."

या वेळी कोणी मान हलवली नाही, कारण अशी गोष्ट बहाणा म्हणून कोणी सांगत नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. जानराव एका माणसाएवढे पलीकडे सरकले. कोणीतरी लहान पोराला उचलून घरी नेले. मग मागच्या बाजूने खरखर आवाज आला, आणि रामकिसन लोकांना बाजूला करत काठी टेकत पुढे आला. त्याने पाराच्या कडेवर आपला पाय ठेवला आणि फडके सोडले.

"मंग आता लिवा," तो म्हणाला. "मले नारू हाय. याच्या पयले बी दोनदा झाला होता."

यानंतर जे झाले त्याला पाहणी म्हणावे की जत्रा, हे नरहरला शेवटपर्यंत ठरवता आले नाही. दोनदा काय सांगतोस, मला चारदा झाला, असे म्हणून एकाने धोतर गुडघ्यावर घेतले. ज्याच्यावर बैलाने पाय दिला होता त्या म्हाताऱ्याने सांगितले की आपल्याकडे बैलच नाही. घसरून पडलेली बाई घसरली नव्हती. दुसऱ्या दिवशी तर लोक घराबाहेर बसून त्याची वाट पाहू लागले. आपापल्या नारूची लांबी सांगताना ते दोन्ही हात पसरत, आणि शेजारचा त्याहून जास्त पसरायचा. जो कोणी अजून लपवायचा त्याचे चतुराबाई सांगायची. पंच्याण्णव वर्षांचा म्हातारा झोपेत गेला नव्हता, साठाव्या वर्षी दम्याने गेला होता आणि तेही आठ दिवस ओरडून. कोणालाच आता नरहरची लाज उरली नव्हती. जो आपला जावई होऊ शकत नाही त्याच्यापुढे पाय काढून बसायला काय हरकत आहे, असा सगळ्यांचा साधा हिशेब होता.

चहा मात्र आता मातीच्या बोळक्यात येऊ लागला आणि पिऊन झाल्यावर ते बोळके फोडून टाकले जाई. जेवायला कोणी बोलावत नव्हते. भाकरी आणि पिठले झाकून कोणीतरी त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवून जायचे. उपाशी त्याला कोणी ठेवले नाही, हे गावाचे चांगले. पण संध्याकाळी ती भाकरी तो एकट्यानेच खायचा. आपल्याला वाईट वाटणार हे त्याला ठाऊक होते. तरी एवढे वाटेल असे वाटले नव्हते.

नवे तक्ते त्याने नागपूरला पाठवले आणि सोबत डॉक्टर पेंढारकरांना खरी हकीकत लिहिली, आपल्या आजारासकट. पहिली उत्तरे खोटी का होती आणि दुसरी खरी कशी झाली, हे न सांगता भागण्यासारखे नव्हते. माहिती मागणाऱ्याने आपली थोडी दिल्याशिवाय लोक आपली देत नाहीत, असेही एक वाक्य त्याने धीर करून लिहिले. मग नोकरी गेली असे धरून वळकटी बांधून ठेवली. उत्तर आले ते असे की तुम्ही पहिल्या दिवशी धापा टाकत मंडळाचा जिना चढलात तेव्हाच माझ्या लक्षात आले होते, मीही डॉक्टर आहे. विहीर पळसखेडला देण्याची शिफारस केली आहे. त्या मुलीच्या सात रोगांचे तेवढे काय ते निश्चित करून परत यावे.

ते निश्चित करायला जानरावांच्या घरी जायची नरहरची हिंमत नव्हती. जानराव रस्त्यात दिसले तरी दुसऱ्या बाजूने जात. शेवटच्या दिवशी सकाळी तो पायविहिरीपाशी बसला होता. पाण्यात किती लोक उतरतात हे एवढेच मोजायचे राहिले होते. तेवढ्यात कौतिका आली. आणखी दोघी मुली त्याला पाहून लांबूनच परत गेल्या, ही मात्र आली आणि घागर वरच्या पायरीवर ठेवून उभी राहिली.

"तुमच्या कागदावर माहे सात रोग अजून हायत का?" तिने विचारले. तो हो म्हणाला. "मंग सहा खोडा. नारू राहू द्या, तो खरा हाय. गेल्या साली टाचेपाशी निंगाला होता."

नरहरने बाकीचे सहा का सांगितले म्हणून विचारले. कौतिकाने आडपडदा ठेवला नाही. परसाकडे कुठे जाता, असे जो माणूस भर ओसरीवर तिच्या आईला विचारतो, त्याच्या घरी गेले तर रोज काय काय विचारील, या भीतीने तिने तोंडाला येतील ते रोग सांगितले होते. नरहरला हसू आले. बऱ्याच दिवसांनी आले म्हणून ते लवकर थांबेना. कौतिका हसली नाही. तिने सांगितले की चतुराबाईंनी ते सातही रोग रिठदच्या बाजारात नेले, आणि जी दोन-तीन घरे विचारत होती त्यांनी निरोप पाठवले की आमचे दुसरीकडे जमले. बाबा दिवसातून चारदा विचारतात की आता तुला कोण करील. हे सगळे ती शांतपणे सांगत होती, पण घागरीच्या काठावर तिचे बोट एकसारखे फिरत होते.

नरहरचे हसणे गेले. मी ते लिहून घ्यायला नको होते, असे तो म्हणाला.

"तुमी लिवलं म्हनून काय झालं, सांगतलं त मीच," कौतिका म्हणाली. मग तिने विचारले, "तुमी खरंच बरे झाले?"

"डॉक्टर म्हणतात झालो."

"डाक्टर काय म्हनते ते नाई इचारलं. तुमाले काय वाटते?"

डॉक्टर त्याच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरून पाहत आले होते. आई त्याचे वजन आणि लग्नाचे मुहूर्त पाहत होती. तीन घरच्या लोकांनी परस्पर चौकशी केली होती. त्याला स्वतःला कोणी हे विचारले नव्हते, आणि तो इतक्या लोकांना इतके प्रश्न विचारत हिंडला, तरी हा प्रश्न त्याच्या तक्त्यात कुठेच नव्हता.

"भीती वाटते," तो म्हणाला. "रोज सकाळी थुंकलो की आधी डोळे मिटून घेतो. मग उघडून पाहतो. लाल काही दिसलं नाही तर तो दिवस बरा जातो."

कौतिकाने लुगड्याची कड जराशी वर घेतली. टाचेपाशी चवलीच्या नाण्याएवढा पांढरट डाग होता.

"मी बी अशीच पायते," ती म्हणाली. "उठल्याबरोबर. हा वाढला त नाई म्हनून. कोनाले सांगत नाई."

तिने घागर उचलली आणि खाली न उतरता, शेवटच्या कोरड्या पायरीवर वाकून ती भरली. त्याने अर्धवट उठून हात पुढे केला आणि मग, कोणी पाहील म्हणून, मागे घेतला. कौतिकाने ते पाहिले. घागर कमरेवर घेऊन ती त्याच्या जवळून वर निघाली, आणि दोन पायऱ्या चढल्यावर वळून म्हणाली, "नागपूरची मोटार उद्या बी असते. आज राहा. बाबाशी मी बोलते."